क्लोन केल्यावर चित्रं उघडत नाहीत: बाइट नेमके कुठे बदलले ते आधी शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. टीममध्ये काही जण विंडोजवर, काही लिनक्सवर. ओळींच्या शेवटाचा रोजचा घोळ (विंडोज ओळ दोन बाइटांनी संपवतं, लिनक्स एकाच, म्हणजे एलएफने) मिटावा म्हणून कोणीतरी रेपोच्या, म्हणजे गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साधनातल्या साठ्याच्या, मुळाशी .गिटॲट्रिब्यूट्स फाइल (कोणत्या फाइलीला गिटने कसं वागवायचं ते सांगणारी) ठेवली आणि तिच्यात एकच ओळ लिहिली: '* टेक्स्ट इओएल=एलएफ', म्हणजे सगळ्या फाइली मजकूर आणि ओळीचा शेवट एलएफ. तेव्हापासून जो कोणी नवा क्लोन (रेपोची पूर्ण प्रत) घेतो, त्याच्याकडे पीएनजी चित्रं उघडत नाहीत. ज्याने ती कमिट केली (रेपोत नोंदवली), त्याच्याकडे मात्र व्यवस्थित दिसतात आणि गिट स्टेटसही स्वच्छ, म्हणजे काही बदललेलं दाखवत नाही. एका चित्राचा मूळ आकार ४,८१,२१३ बाइट, क्लोनमध्ये ४,८१,२०४. गिट बायनरी फाइली खराब करतं का, आणि सगळं एलएफएसमध्ये (मोठ्या फाइली रेपोच्या बाहेर ठेवणारी गिटची जोड) हलवावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

पुढचं वाचण्याआधी एक काम करा. ज्याच्या मशीनवर चित्रं उघडतात त्याला सांगा, की ब्रँच बदलू नको, पुल करू नको, आणि चित्रांचं अख्खं फोल्डर रेपोच्या बाहेर कॉपी करून ठेव. त्याच्या डिस्कवरच्या फाइली कदाचित तुमच्याकडच्या शेवटच्या धड प्रती असतील. एका चुकीच्या चेकआउटने त्यांच्या जागी रेपोतली बिघडलेली प्रत येऊन बसेल आणि मग परत मिळवायला काहीच उरणार नाही. लोक घाईघाईने ॲट्रिब्यूट्स दुरुस्त करतात, मग 'सगळं ताजं करू' म्हणून रिसेट हार्ड (डिस्कवरचं सगळं रेपोतल्यासारखं करणारी आज्ञा) मारतात आणि नेमकी हीच प्रत गमावतात. हे मी एकाहून अधिक टीममध्ये पाहिलं आहे.

आता मूळ मुद्दा. गिटच्या साठ्यात गेलेली फाइल आपोआप बदलत नाही. तिचं नावच तिच्या मजकुरावरून काढलेला हॅश, म्हणजे ठशासारखा आकडा, असतो. एक बाइट जरी हलला तरी हॅश जुळत नाही आणि 'गिट एफएससीके' ते लगेच सांगतं. त्यामुळे बदल होण्याच्या जागा दोनच: फाइल आत जाताना, म्हणजे ॲड करताना, किंवा बाहेर येताना, म्हणजे चेकआउट होताना. या दोन दारांवर गिट ओळींचे शेवट बदलतं, एन्कोडिंग बदलतं, एलएफएससारखे फिल्टर चालवतं. कुठल्या दारावर घोटाळा झाला ते कळल्याशिवाय उपाय करू नका, कारण दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. बाहेर येताना बिघडली असेल तर रेपोतली प्रत शाबूत आहे, पाच मिनिटांचं काम. आत जातानाच बिघडली असेल तर रेपोत मूळ फाइल नाहीच, ती दुसरीकडून आणावी लागते.

हे ठरवायला तीन हॅश पुरतात. मूळ मशीनवर:

गिट हॅश-ऑब्जेक्ट --नो-फिल्टर्स लोगो.पीएनजी

कुठल्याही क्लोनमध्ये, रेपोत नोंदलेल्या प्रतीचा हॅश:

गिट रेव्ह-पार्स हेड:लोगो.पीएनजी

आणि त्याच क्लोनमध्ये डिस्कवरच्या फाइलीवर पुन्हा पहिली आज्ञा. पहिला आणि दुसरा वेगळे, पण दुसरा आणि तिसरा एकच, तर बिघाड आत जाताना झाला. पहिले दोन एकच आणि तिसरा वेगळा, तर बाहेर येताना. तिन्ही वेगळे निघाले तर दोन्ही दारांवर. '--नो-फिल्टर्स' विसरू नका. तो पर्याय दिला नाही तर गिट हॅश काढण्याआधी ॲट्रिब्यूट्सप्रमाणे फाइल बदलून घेतं, मग बिघडलेल्या प्रतीचाच हॅश हातात येतो आणि सगळं जुळल्यासारखं दिसतं. मूळ मशीनवर गिट स्टेटस स्वच्छ दिसतं तेही याच कारणाने: गिट डिस्कवरची फाइल जशीच्या तशी तोलत नाही, आत जाताना ती जशी होईल तशी करून मग तोलतं. आणि ॲड करताना डिस्कवरच्या प्रतीला हात लागत नाही. म्हणून कमिट करणाऱ्याला दिवसेंदिवस पत्ताच लागत नाही.

तुमच्या बाबतीत उत्तर आकड्यांतूनच दिसतं आहे. पीएनजी, जेपीजी, झिप यांसारख्या दाबलेल्या फाइलींमध्ये बाइट जवळजवळ यादृच्छिक विखुरलेले असतात. १० हा बाइट, म्हणजे लाइन फीड, साधारण २५६ बाइटांमागे एकदा येतो. १३ आणि १० ही जोडी, म्हणजे विंडोजचा ओळीचा शेवट, साधारण ६५,५३६ बाइटांमागे एकदा. आत जाताना गिट या जोडीतला १३ काढून टाकतं. ४,८१,२१३ बाइटांच्या फाइलीत अशा सातेक जोड्या असणं अपेक्षित आहे, शिवाय पीएनजीच्या सुरुवातीला एक ठरलेली असतेच. तुमची फाइल ९ बाइटांनी लहान झाली आहे. हिशेब बसतो: बिघाड आत जाताना. उलट बाहेर येताना प्रत्येक सुट्या १० च्या आधी १३ घुसवला गेला असता तर फाइल सुमारे १,८८० बाइटांनी फुगली असती. आकार जेमतेम काही बाइटांनी घटला असेल तर आत जाताना, आणि सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढला असेल तर बाहेर येताना, हा ठोकताळा मी हॅश काढण्याआधीच लावतो. मात्र फाइल फुगलेली दिसली तरी आत जातानाही तिचं काही गेलं आहे का, हे हॅशवरून तपासाच.

पीएनजीचा आणखी एक उपयोग आहे. त्या फाइलीचे पहिले आठ बाइट ठरलेले: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. हा क्रम मुद्दाम असा निवडला आहे. आधी १३-१० ची जोडी आणि शेवटी सुटा १०, म्हणजे ओळींचे शेवट कोणत्याही दिशेने बदलले तरी सही मोडते आणि वाचणारा प्रोग्रॅम फाइल नाकारतो. १९९६ साली हे स्वरूप प्रमाण झालं तेव्हा फाइली एका यंत्रणेतून दुसरीत जाताना नेमक्या अशाच बिघडत असत. हेक्स दाखवणाऱ्या कुठल्याही साधनात फाइल उघडा. ७१ नंतर थेट १० दिसला तर १३ गाळला गेला. शेवटच्या २६ नंतर १३-१० दिसले तर १३ घुसवला गेला. जेपीजीत अशी सोय नाही. तिथे चित्र अर्धवट उघडतं, खाली रंगांचे पट्टे दिसतात, आणि कित्येकदा ते महिनाभर कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून एक पीएनजी मोडलेली सापडली की त्याच काळात आलेल्या जेपीजी, फॉन्ट आणि ऑडिओ फाइलीही संशयित समजा.

दोष '* टेक्स्ट इओएल=एलएफ' या ओळीचाच आहे. नुसतं 'टेक्स्ट' लिहिलं की तुम्ही गिटला सांगता की ही फाइल मजकूरच आहे, विचार करू नको. मग गिट आत डोकावत नाही, शून्य बाइट असोत नसोत, बदल करून मोकळं होतं. 'टेक्स्ट=ऑटो' लिहिलं तरच ते आधी पाहतं आणि बायनरी वाटली तर हात लावत नाही. तुम्हाला हवी होती ती ओळ '* टेक्स्ट=ऑटो इओएल=एलएफ'. फरक एका शब्दाचा. पण कोणाकडे गिट २.१० पेक्षा जुनं असेल तर ही ओळसुद्धा सुरक्षित नाही, कारण त्याआधी 'इओएल' लिहिलं की 'ऑटो' निष्प्रभ व्हायचं.

'ऑटो' काय पाहतं तेही माहीत असू द्या, कारण गिटच्या पोटात बायनरी ओळखण्याच्या दोन वेगळ्या कसोट्या आहेत आणि त्यांची गल्लत होते. डिफ (दोन आवृत्त्यांमधला फरक) दाखवताना फाइलीच्या पहिल्या ८,००० बाइटांत शून्य बाइट आहे का एवढंच पाहिलं जातं. ओळींचे शेवट बदलताना मात्र अख्खी फाइल तपासली जाते: शून्य बाइट किंवा सुटा १३ सापडला, किंवा न छापता येणाऱ्या अक्षरांचं प्रमाण ठरावीक मर्यादेबाहेर गेलं, तर ती बायनरी. दाबलेल्या फाइली या दुसऱ्या कसोटीत जवळजवळ नेहमीच सापडतात. निसटतात त्या मजकुरासारख्या दिसणाऱ्या, पण बाइट न् बाइट जपाव्या लागणाऱ्या फाइली. आतला मजकूर न दाबलेली पीडीएफ हे एक उदाहरण: तिच्या शेवटी प्रत्येक घटक कितव्या बाइटवर सुरू होतो याची सारणी असते, ओळींचे शेवट बदलले की सगळे आकडे सरकतात. चाचण्यांसाठी ठेवलेले ईमेलचे नमुने, डिजिटल सही केलेल्या एक्सएमएल फाइली, ज्यांचा चेकसम दुसरीकडे नोंदलेला आहे अशा फाइली, या सगळ्या त्याच जातीच्या. त्यांना '-टेक्स्ट' स्पष्ट लिहून द्या. डिफ दिसत राहतो आणि बाइटही हलत नाहीत.

तर तुमची नवी फाइल अशी असावी:

* टेक्स्ट=ऑटो इओएल=एलएफ
*.पीएनजी बायनरी
*.जेपीजी बायनरी
*.पीडीएफ बायनरी
*.टीटीएफ बायनरी
*.ईएमएल -टेक्स्ट

'बायनरी' म्हणजे तीन गोष्टी एकदम: शेवट बदलू नको, डिफ दाखवू नको, मर्ज करू नको. क्रम महत्त्वाचा आहे. खालची ओळ वरचीवर मात करते. सर्वसाधारण '*' ओळ सगळ्यात खाली टाकली तर वर लिहिलेल्या 'बायनरी'मधला शेवट न बदलण्याचा भाग ती पुसून टाकते, आणि डिफ मात्र बंदच राहतो. बाहेरून सगळं बरोबर दिसतं, म्हणून ही चूक फार उशिरा सापडते. दुसरी एक: लिनक्सवर '*.जेपीजी' ही लहान लिपीतली नोंद मोठ्या लिपीतल्या विस्ताराला लागू होत नाही, आणि कित्येक कॅमेरे मोठ्या लिपीतच विस्तार देतात. दोन्ही लिहा. एसव्हीजी मात्र बायनरी करू नका, तो साधा मजकूर आहे आणि त्याचा डिफ कामाचा असतो.

लिहिल्यावर डोळ्यांवर विसंबू नका, गिटलाच विचारा. 'गिट चेक-ॲट्र -ए लोगो.पीएनजी' हे त्या फाइलीला प्रत्यक्षात काय लागू होतंय ते सांगतं. 'गिट एलएस-फाइल्स --इओएल' प्रत्येक फाइलीपुढे तीन रकाने देतं: इंडेक्समध्ये (ॲड केलेल्या फाइलींच्या नोंदीत) काय आहे, डिस्कवर काय आहे आणि कोणतं ॲट्रिब्यूट लागलं. जिच्यापुढे चित्राचं नाव आणि ॲट्रिब्यूटच्या रकान्यात नुसतं 'टेक्स्ट' दिसेल ती तुमची पुढची बळी.

विंडोजवाल्यांना एक सूचना. ही फाइल विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये 'इको' आणि '>' वापरून तयार करू नका. ते यूटीएफ-१६ मध्ये लिहितं, गिटला त्यातलं काही कळत नाही आणि नियम लागूच होत नाहीत. तपासणीसाठी 'गिट शो हेड:लोगो.पीएनजी > चाचणी.पीएनजी' असं तिथे केलंत तर पॉवरशेल बाइटांना मजकूर समजून चाचणी.पीएनजी स्वतःच मोडतं. धड असलेली प्रत बिघडलेली ठरवून लोक दिवस घालवतात. गिट बॅश किंवा साधा कमांड प्रॉम्प्ट वापरा. पॉवरशेल ७.४ पासून हे सुधारलं आहे.

आता दुरुस्ती. ज्या मशीनवर मूळ फाइली आहेत तिथेच करायची, दुसरीकडे नाही. बाहेर कॉपी काढली आहे ना याची खात्री करा. नवी .गिटॲट्रिब्यूट्स लिहा आणि:

गिट ॲड --रीनॉर्मलाइझ .
गिट ॲड .गिटॲट्रिब्यूट्स

पहिल्या आज्ञेशिवाय नुसतं 'गिट ॲड' केलं तर बहुधा काहीच घडणार नाही. फाइलीची वेळ आणि आकार इंडेक्समधल्या नोंदीशी जुळतात, म्हणून गिटला ती बदललेली वाटतच नाही. रीनॉर्मलाइझ सगळ्या फाइली नव्या नियमांनी पुन्हा आत घ्यायला लावतं. हा पर्याय गिट २.१६ पासून आहे. कमिटमध्ये फक्त हाच बदल ठेवा, कोडचं काही मिसळू नका, म्हणजे नंतर कोणी पाहिलं तर काय झालं ते कळेल. मग एका रिकाम्या फोल्डरमध्ये नवा क्लोन घ्या आणि वरचे तीन हॅश पुन्हा ताडून बघा. बाकीच्यांना पुल केल्यावर धड चित्रं मिळतील. चालू असलेल्या प्रत्येक ब्रँचमध्ये हा कमिट न्या. ॲट्रिब्यूट्स त्या त्या ब्रँचमधून वाचली जातात, त्यामुळे जुन्या ब्रँचवर कोणी नवं चित्र टाकलं तर ते पुन्हा मोडेल.

तुमचा हॅश 'बाहेर येताना' म्हणाला असता तर यातलं काहीच लागलं नसतं. नियम दुरुस्त करायचे, बिघडलेली फाइल डिस्कवरून काढायची आणि 'गिट चेकआउट -- लोगो.पीएनजी'.

मूळ प्रत कुठेच उरली नसेल तर? आधी माणसांना विचारा: चित्र बनवणाऱ्याकडे, ईमेलमध्ये, बिल्डच्या जुन्या पॅकेजात, सर्व्हरवर चढवलेल्या प्रतीत. बहुतेकदा सापडतं. कुठेच नसेल आणि फाइल पीएनजी असेल तर आशा सोडू नका. पीएनजी तुकड्यातुकड्यांनी बनते, प्रत्येक तुकड्याच्या आधी त्याची लांबी आणि शेवटी चार बाइटांचा सीआरसी, म्हणजे तपासणीचा आकडा, असतो. एखाद्या तुकड्यातला १३ गेला असेल तर पुढच्या तुकड्याचं नाव अपेक्षेपेक्षा एक बाइट आधी येतं, म्हणजे कोणता तुकडा मोडला ते कळतं. तुकडे ८,१९२ बाइटांचे असतील, आणि ते बऱ्याचदा असतात, तर एकात १० हा बाइट सुमारे ३२ वेळा येतो. प्रत्येकाच्या आधी १३ घालून बघायचा, सीआरसी जुळला की तोच. छोटीशी स्क्रिप्ट लिहून मी अशी चित्रं पूर्ण परत मिळवली आहेत, एकही बाइट न चुकता. जेपीजीसाठी असा मार्ग नाही, कारण तिच्यात तपासायला आकडाच नसतो.

पुढच्या वेळेसाठी 'कोअर.सेफसीआरएलएफ' हे सेटिंग 'ट्रू' करा. मग जो बदल उलटवता येणार नाही तो करण्याआधी गिट ॲडच नाकारतं. मूळ सेटिंगमध्ये ते फक्त इशारा देतं, आणि तुमच्या सहकाऱ्याला ॲड करताना तो इशारा बहुधा दिसलाही असेल. शेकडो ओळींत तो कोण वाचतो?

याच्या उलटही घडतं, आणि विचारणारे बरेच असतात: फाइल साधा मजकूर आहे, तरी गिट 'बायनरी फाइली वेगळ्या आहेत' एवढंच म्हणतं. नव्वद टक्के वेळा ती यूटीएफ-१६ मध्ये जतन झालेली असते, जिथे इंग्रजी अक्षरांमागे शून्य बाइट येतो. शक्य असेल तर यूटीएफ-८ मध्ये जतन करा. साधन यूटीएफ-१६ च मागत असेल तर गिट २.१८ पासून 'वर्किंग-ट्री-एन्कोडिंग' हे ॲट्रिब्यूट आहे: आत यूटीएफ-८, डिस्कवर यूटीएफ-१६.

पॅच (फक्त बदल असलेली फाइल) पाठवताना 'पूर्ण इंडेक्स ओळीशिवाय बायनरी पॅच लावता येत नाही' अशी चूक आली तर पॅच बनवतानाच 'गिट डिफ --बायनरी' वापरायला हवं होतं. लावणाऱ्याच्या हातात काही नाही.

आता एलएफएस. तुमचा त्रास एलएफएसने सुटणार नव्हता. एलएफएस मोठ्या फाइली रेपोच्या बाहेर ठेवतं आणि आत फक्त एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवतं, तिच्यात तीन ओळी: आवृत्ती, शा-२५६ हॅश आणि आकार. हा प्रश्न आकाराचा आहे, बाइट जपण्याचा नाही. दाबलेल्या फाइलीत थोडा बदल केला तरी जवळजवळ सगळे बाइट बदलतात, त्यामुळे गिटला दोन आवृत्त्यांमधला फरक लहानसा करून ठेवता येत नाही. दर आवृत्तीला जवळपास पूर्ण प्रत साठते आणि प्रत्येक क्लोनला ती सगळी ओढावी लागते. मोठ्या, वारंवार बदलणाऱ्या फाइली असतील, किंवा गिटहबवर १०० एमआयबीच्या वरची फाइल पुश होत नसेल, तर एलएफएस घ्या. अर्धा एमबीची चित्रं वर्षातून दोनदा बदलत असतील तर नका घेऊ. ते आलं की त्याचे स्वतःचे बिघाड येतात. सगळ्यात नेहमीचा: चित्र उघडत नाही, आकार पाहिला तर जेमतेम १३० बाइट. फाइल मोडलेली नाही, त्या मशीनवर एलएफएस बसवलेलंच नाही, आणि हाती आला तो फक्त पत्ता. 'गिट एलएफएस इन्स्टॉल', मग 'गिट एलएफएस पुल'. बिल्ड सर्व्हरवर हे हमखास राहून जातं. दुसरा बिघाड याच्या उलट: 'या फाइली पॉइंटर असायला हव्या होत्या' असा इशारा, म्हणजे एलएफएस नसलेल्या कोणीतरी खरी फाइल थेट कमिट केली.

जुनी हिस्ट्री एलएफएसमध्ये न्यायची तर 'गिट एलएफएस मायग्रेट इम्पोर्ट' ती पुन्हा लिहितं, सगळ्या कमिटचे हॅश बदलतात आणि सगळ्यांना नवा क्लोन घ्यावा लागतो. सगळ्यांना आधी सांगून, एक दिवस ठरवून मगच करा.

तुम्ही सगळ्यात शेवटी मर्जबद्दल विचारलं आहे. एकच चित्र दोघांनी बदललं तर गिट ते जोडू शकत नाही. ते तुमच्या बाजूची प्रत डिस्कवर ठेवतं आणि कॉन्फ्लिक्ट दाखवतं. 'गिट चेकआउट --अवर्स' किंवा '--देअर्स' ने एक बाजू निवडून ॲड करा. रिबेस (तुमचे कमिट दुसऱ्या ब्रँचवर पुन्हा रचणं) चालू असेल तर अर्थ उलटा होतो: 'अवर्स' म्हणजे ज्या ब्रँचवर तुम्ही रचताय ती, आणि 'देअर्स' म्हणजे तुमचं स्वतःचं काम. निवडल्यावर फाइल उघडून डोळ्यांनी पाहा, मगच कमिट करा. असे कॉन्फ्लिक्ट आठवड्यातून एकदा तरी येत असतील, तर मात्र एलएफएस घ्यायला ते एकटं कारण पुरेसं आहे. त्यात फाइलीला 'लॉकेबल' करता येतं: ती डिस्कवर फक्त वाचण्यापुरती उघडते आणि 'गिट एलएफएस लॉक' केल्यावरच बदलता येते, त्यामुळे दुसऱ्याने काम सुरू केलंय हे चित्र बदलण्याआधीच कळतं.